सायबरवाल्यांना पंचनामा लिहिता येतो का?

गेल्या सेमिस्टरला एका इंजिनीअरिंग कॉलेजात एक्सटर्नल म्हणून गेले होते. कॉलेजचं नाव सांगत नाही, ओळखायचा प्रयत्नही करू नका, कारण खरं सांगायचं तर ते कुठलंही कॉलेज असू शकतं. विषय सायबर सिक्युरिटी अँड डिजिटल फॉरेन्सिक्स, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाइलमधून कोर्टात टिकेल असा पुरावा काढणं, बीई कॉम्प्युटर. पोरं टेन्शनमध्ये, टेबलावर जर्नल्सचा गठ्ठा, बाजूला चहा-बिस्किटं. पहिलं जर्नल उघडलं, ऑटोप्सी हे सॉफ्टवेअर वापरून डिस्क इमेजचं, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब प्रतीचं, ॲनालिसिस, छान कलर प्रिंट. दुसरं उघडलं, तेच. तिसऱ्याला माझं लक्ष स्क्रीनशॉटच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे गेलं, तिथे टास्कबारवर घड्याळ असतं ना, ते तिन्हीत एकच वेळ दाखवत होतं, संध्याकाळचे ७:४२, तारीख पण तीच आणि फोल्डरच्या पाथमध्ये युजरनेम पण एकाच पोराचं. मग काय, राहिलेली सगळी जर्नल्स मी नुसता तेवढाच कोपरा बघत उलटली. तेवीस पोरं, एक स्क्रीनशॉट. आणि ज्याचं युजरनेम होतं तो त्या बॅचमध्ये नव्हताच, दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेला सिनिअर होता.

ओरलला एकाला विचारलं, अरे हे प्रॅक्टिकल कधी केलंस? म्हणाला, लास्ट वीकमध्ये मॅम. मी जर्नल त्याच्याकडे फिरवलं आणि बोट ठेवलं त्या तारखेवर. दोन सेकंद शांतता, मग तो हसला, मी पण हसले, मार्क दिले आणि पुढच्याला बोलावलं.

सबमिशनची कॉपी ही काय आजची गोष्ट नाहीये, आमच्या वेळी पण एकाची फाईल अख्ख्या होस्टेलभर फिरायची, मी स्वतः मायक्रोप्रोसेसरची जर्नल्स कुणाची तरी बघूनच उतरवलीत, त्यामुळे नैतिकतेचे डोस द्यायचा मला काही हक्क नाही. मला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या विषयाचा सगळा जीवच 'हे कुणी गोळा केलं, कधी केलं, कुठल्या मशीनवर केलं' या तीन प्रश्नांत आहे, त्या विषयाच्या जर्नलमध्ये या तीनही प्रश्नांची उत्तरं ढळढळीत चुकीची होती आणि ते तेवीस पोरांतल्या एकालाही दिसलं नाही. शिकवणाऱ्यांनाही नाही, सही होती ना खाली.

तर माझं म्हणणं असंय की आपण विद्यापीठांत हा विषय उलट्या बाजूने शिकवतोय. हॅकिंगचं ग्लॅमर पुढे आणि पुराव्याचं काम मागे. फॉरेन्सिक हा कॉम्प्युटरचा विषय आहेच, पण त्याआधी तो पुराव्याचा विषय आहे, आणि आपल्याकडे पुरावा जातो तो तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या कोर्टात, जिथली भाषा मराठी आहे, जिथे पंचनामा हवालदार लिहितो आणि उलटतपासणी वकील घेतो. या अख्ख्या वाटेवर आपला बीई, बीटेक, एमएस्सी झालेला पोरगा कुठेच नसतो. तो असायला पाहिजे आणि त्याला तसं तयार करणं हे विद्यापीठाचं काम आहे.

आता ॲडमिशनच्या सीझनला लागणारे फ्लेक्स आठवा. हूडी घातलेला, तोंड न दिसणारा पोरगा, मागे हिरवी अक्षरं पावसासारखी पडतायत आणि खाली 'बिकम अ सायबर वॉरियर'. आईबाप बघतात, पेपरात रोज डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचलेल्या असतात, त्यांना वाटतं इथे स्कोप आहे. आणि स्कोप आहेच, ते खोटं नाही. २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले असं सरकारनेच लोकसभेत सांगितलंय, त्याच्या आदल्या वर्षी हाच आकडा साधारण ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिप्पट. आता हे पैसे काय कुणी हूडी घालून फायरवॉल फोडून नेले का? बहुतेक वेळा कुणाला तरी फोन आला, भीती दाखवली किंवा शेअर मार्केटचं गाजर दाखवलं, आणि माणसाने स्वतःच्या हाताने पैसे पाठवले. तिथून पुढे पैसा दहा-वीस भाड्याच्या अकाउंटमधून फिरला, त्यातली काही अकाउंट्स कॉलेजच्या पोरांनीच दोन-चार हजारांच्या कमिशनसाठी वापरायला दिलेली असतात, हे पण जाता जाता सांगते. अशा केसमध्ये लागतं काय तर बँकेचे लॉग, मोबाइलचे सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदी, व्हॉट्सॲप चॅट, सिम कुणाच्या नावावर, एटीएमचं फुटेज. बोअर काम. पण केस उभी राहते ती याच्यावर.

कॉसमॉस बँकेचं उदाहरण घ्या, पुण्याचंच आहे. ऑगस्ट २०१८, शनिवारी ११ तारखेला साधारण सव्वादोन तासांत २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन केलेल्या कार्डांनी पैसे निघाले, मग १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय नेटवर्कमधून हाँगकाँगला ट्रान्सफर, सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. टेक्निकली तो हल्ला फार भारी होता, एटीएमच्या स्विचमध्ये, म्हणजे एटीएम आणि बँकेला जोडणाऱ्या सिस्टिममध्ये, मालवेअर घालून एक खोटी वाटच तयार केली होती, त्यामुळे 'याच्या खात्यात पैसे आहेत का' हा प्रश्न बँकेच्या खऱ्या सिस्टिमपर्यंत पोचलाच नाही, मधूनच कुणीतरी 'हो, द्या' म्हणत होतं. वर्गात ही केस सांगितली की पोरांचे डोळे चमकतात आणि चमकायलाच पाहिजेत. पण पुढचं कुणी सांगत नाही. या केसमध्ये २०२३ ला पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना दोषी ठरवलं, आणि ते होते आपल्याकडच्या एटीएममधून कार्ड घालून नोटा काढणाऱ्या साखळीतले लोक. कोल्हापूरच्या एटीएममधून पण पैसे निघाले होते, तिथलं सीसीटीव्ही फुटेज पोलिसांनी ताब्यात घेतलं. स्विचमध्ये मालवेअर घालणारा डोकेबाज कुठे दूर बसलाय तो बसलाच आहे. कोर्टात उभी राहिली ती जमिनीवरची माणसं आणि जमिनीवरचा पुरावा.

मग सांगा, सीसीटीव्हीचं फुटेज डीव्हीआरमधून, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यातून, नीट कसं काढायचं हे किती विद्यापीठांच्या सिलॅबसमध्ये आहे?

मी जेवढे बघितले त्यात जवळपास नाहीच. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये हा विषय बीईला इलेक्टिव्ह म्हणून होता, युनिट्समध्ये सगळी मोठी नावं असतात, पण त्याचा आत्मा अजून हार्ड डिस्कच्या जमान्यातला आहे. सरावाला म्हणून अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने फुकट ठेवलेली एक काल्पनिक केस आहे, जगभर शिकवतात, २००४ साली बेवारस सापडलेला डेल लॅपटॉप, आत विंडोज एक्सपी, आणि संशयित स्वतःला 'मिस्टर ईव्हिल' म्हणवतो. केस चांगलीच आहे, मी पण तिच्यावरच शिकले. पण आत्ता बीईला बसलेली पोरं जन्मली त्या वर्षीचा लॅपटॉप आहे तो! आज साताऱ्यात किंवा बीडमध्ये जप्त काय होतं तर तीन अँड्रॉइड फोन, एक डीव्हीआर, कधीतरी पेनड्राइव्ह, आणि लॅपटॉप असलाच तर एसएसडीवाला, ज्यात डिलीट केलेला डेटा परत मिळेल याची काही शाश्वती नाही कारण ट्रिम नावाची भानगड मागच्या मागे साफसफाई करून टाकते. पोरं मात्र उत्तरपत्रिकेत 'डिलीटेड फाइल्स कॅन बी रिकव्हर्ड' लिहून सात मार्क घेतात.

फोनचंच बघा. फोन जप्त केला की आधी बंद करायचा ही आपल्याकडे जवळजवळ सवयच आहे, बॅटरी वाचते, कुणी कॉल करून त्रास देत नाही. पण चालू असलेला आणि निदान एकदा तरी अनलॉक झालेला फोन आणि बंद करून परत चालू केलेला फोन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यात एन्क्रिप्शनच्या किल्ल्या मेमरीत असतात, दुसऱ्यात पासकोड टाकेपर्यंत नसतात. म्हणजे एका बटणाने तुम्ही अर्धं कुलूप स्वतःच्या हाताने परत लावून टाकता. नवीन आयफोन तर तीन दिवस कुणी अनलॉक केला नाही की आपणहून रीस्टार्ट होतो, तो तिकडे लाखेचं सील लावलेल्या लिफाफ्यात मुद्देमालाच्या खोलीत पडलेला असला तरी. लॅबचा नंबर लागेपर्यंत किती दिवस जातात ते तुम्हीच कुठल्याही पोलीस स्टेशनला जाऊन विचारा. आता हे सगळं ज्याला माहितीय असा पोरगा तिथे जप्तीच्या वेळी नसतो, तो हिंजवडीत सॉकमध्ये, म्हणजे कंपन्यांवरच्या सायबर हल्ल्यांवर पहारा ठेवणाऱ्या सेंटरमध्ये, बसून रात्रभर अलर्ट बंद करत असतो. मी पण दोन वर्षं तेच केलंय, नाइट शिफ्ट, फॉल्स पॉझिटिव्ह, फॉल्स पॉझिटिव्ह, चहा, फॉल्स पॉझिटिव्ह.

आणि वेळ! वेळेवर तर मी एक अख्खं युनिट ठेवीन. व्हॉट्सॲपच्या डेटाबेसमध्ये मेसेजची वेळ १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद अशी असते, क्रोमची हिस्टरी १६०१ सालापासून मायक्रोसेकंद मोजते, ॲपलवाल्यांचं बरंचसं २००१ पासून सुरू होतं, आणि हे सगळं जागतिक वेळेत. आपण साडेपाच तास पुढे. टूलचं सेटिंग बघितलं नाही आणि रिपोर्टमध्ये तसंच छापलं की रात्री साडेअकराचा मेसेज संध्याकाळी सहाचा होतो, आणि समोरच्या वकिलाने ते पकडलं की बाकीचा शंभर पानी रिपोर्ट कितीही बरोबर असो, गेला. डीव्हीआरचं तर विचारूच नका, गल्लीतल्या कॅमेरेवाल्याने बसवताना जी वेळ टाकली ती टाकली, लाइट गेली, सेल संपला, घड्याळ कुठल्याही वर्षात जाऊन बसतं. म्हणून फुटेज घेताना डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ शेजारी शेजारी लिहून ठेवायची असते. दोन ओळींचं काम आहे आणि ते पंचनाम्यात यायला पाहिजे.

घड्याळावरून आठवलं, जालन्याची केस. वकील मंडळींना पाठ असेल, कॉम्प्युटरच्या पोरांना मात्र कुणी सांगत नाही, आणि मला वाटतं या विषयाचा पहिला तासच या केसने सुरू व्हावा. २०१४ ची विधानसभा, जालना मतदारसंघ, अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. मग वाद असा की खोतकरांनी उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत संपल्यावर भरला. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. आता असं रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे सर्टिफिकेट लागतं, की हे अमुक मशीनमधून निघालं, मशीन नीट चालत होतं वगैरे. ज्यांच्या ताब्यात मशीन त्यांच्याकडे मागितलं, परत परत मागितलं, सर्टिफिकेट काही मिळालं नाही. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये तरीही ते रेकॉर्डिंग विचारात घेऊन निवड रद्द केली, आणि प्रकरण गेलं सुप्रीम कोर्टात. २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की सर्टिफिकेट कंपल्सरी आहे म्हणजे आहेच, तोंडी साक्षीने ती जागा भरून निघत नाही, पण ज्याने मिळवायचे सगळे प्रयत्न केले आणि ते मिळणं त्याच्या हातातच नव्हतं त्याला त्यातून सूट. आज देशात कुठेही व्हॉट्सॲप चॅट नाहीतर सीसीटीव्ही कोर्टात गेलं की या निकालाचं नाव निघतं. जालन्याच्या एका ऑफिसातल्या रेकॉर्डिंगवरून आख्ख्या देशाचा नियम पक्का झाला, आणि जालन्यातल्या कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या पोरांना विचारा, त्यातल्या किती जणांना माहितीय.

त्यानंतर कायदाच बदलला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, ६५ब गेलं आणि ६३ आलं. आणि इथे माझ्या मते या विषयाच्या पोरांसाठी सगळ्यात मोठी बातमी आहे, प्लेसमेंटवाल्यांनी फ्लेक्सवर लावावी अशी. सर्टिफिकेटचा आता छापील नमुनाच कायद्यात आहे, दोन भागांत, भाग अ ज्याच्या ताब्यात ते मशीन आहे त्याने भरायचा आणि भाग ब एक्स्पर्टने. दोन्हीत हॅश व्हॅल्यू लिहायची, ती काय असते ते पुढे सांगते. म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीने भांडणाचं सीसीटीव्ही दिलं तरी हॅश, एखाद्या बाईने नवऱ्याच्या धमकीचं रेकॉर्डिंग दिलं तरी हॅश आणि एक्स्पर्टची सही. हा एक्स्पर्ट म्हणजे नेमका कोण, सरकारने नेमलेलाच पाहिजे की कुणीही जाणकार माणूस चालेल, यावर वकिलांचे वाद चालू आहेत ते चालू देत. पण महाराष्ट्रातल्या सगळ्या तालुक्यांत मिळून अशी किती सर्टिफिकेटं लागतील त्याचा नुसता विचार करा. ती मुंबईत कलिन्याला असलेल्या सरकारी फॉरेन्सिक लॅबमधून येणारेत का?

हॅश म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. दोन तासांचा व्हिडिओ असो की दोन ओळींचं पत्र, एसएचए-२५६ लावलं की चौसष्ट अक्षरं-आकड्यांची एक ओळ मिळते, आणि फाईलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. गंमत म्हणजे कायद्यातल्या त्या नमुन्यात पर्याय म्हणून एमडी५ पण छापलंय, ज्याच्यात दोन वेगळ्या फायलींचा एकच ठसा काढून दाखवता येतो हे २००४ मध्येच सिद्ध झालंय, आणि एसएचए-१ चं तेच २०१७ मध्ये झालं. आता यावरून पुरावा लगेच बाद होत नाही, कारण आधीच्या एखाद्या ठरावीक फाईलशी जुळणारी दुसरी बनवणं हे अजूनही फार वेगळं आणि अवघड काम आहे, पण उलटतपासणीत एखादा हुशार वकील एवढंच विचारेल की एमडी५ तुटलंय हे खरं का? साक्षीदार म्हणणार हो. मग वकील खाली बसणार. तो फरक साध्या मराठीत न्यायाधीशांना समजावून सांगता येणं ही खरी परीक्षा आहे या विषयाची, 'एक्सप्लेन एमडी५ विथ डायग्राम' ही नाही.

मराठीत म्हटलं ते उगाच अभिमान वगैरे म्हणून नाही हां. १९९८ पासून आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. पंचनामा मराठीत, जबाब मराठीत, पंच म्हणून उभा केलेला माणूस बऱ्याचदा समोरचा टपरीवाला, त्याने खाली सही केलेली असते. आणि आपला ग्रॅज्युएट शिकतो 'बिट-स्ट्रीम इमेज वॉज ॲक्वायर्ड यूझिंग राइट ब्लॉकर'. हे वाक्य त्या टपरीवाल्याला वाचून दाखवा आणि मग दोन वर्षांनी कोर्टात त्याला विचारा की तुमच्यासमोर काय झालं. तो म्हणणार काहीतरी वायर लावली होती साहेब. माझं म्हणणं शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधत बसा असं अजिबात नाही, हॅशला हॅशच म्हणा, इमेजला इमेजच. पण वाक्य मराठी पाहिजे: 'फोनमध्ये काहीही लिहिलं जाणार नाही असं उपकरण मध्ये जोडून फोनमधल्या माहितीची हुबेहूब प्रत आमच्यासमोर काढली, प्रतीचा आणि मूळ माहितीचा हॅश जुळतो हे स्क्रीनवर बघितलं'. असं लिहिलं तर पंच पण सांगेल आणि न्यायाधीशही समजून घेतील. हे लिहायला कुणीच शिकवत नाही. लॉ कॉलेजवाले म्हणतात ते टेक्निकल आहे, इंजिनीअरिंगवाले म्हणतात ते लीगल आहे.

आता मला माहितीय लोक काय म्हणणार. पहिलं म्हणजे नोकरी. पोराच्या बापाने कर्ज काढून फी भरलीय, त्याला चार-पाच लाखांचं पॅकेज पाहिजे, तालुका कोर्टात सर्टिफिकेटवर सही करून त्याचं घर चालणारे का? मान्य. आजच्या घडीला सॉक, पेनटेस्टिंग (परवानगीने हल्ला करून सिस्टिम तपासणं), ऑडिट इथेच पगार आहे, सरकारी लॅबच्या जागा निघतात तेव्हा निघतात. पण मी कुठे म्हणतेय सगळ्यांनी लॅबमध्ये जा. मी म्हणतेय पुराव्याची शिस्त सगळ्यांना शिकवा, कारण ती कंपनीत पण लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये नियम काढला की सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. कंपनीत रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर, घुसलं की पहिल्या तासात काय होतं माहितीय? कुणीतरी घाबरून सर्व्हर फॉरमॅट मारतं. झालं, पुरावा पण गेला आणि इन्शुरन्सचा क्लेम पण अडकला. तिथे 'थांबा, आधी मेमरीची कॉपी घेऊ' म्हणणारा एक जण असला तर त्याची किंमत पॅकेजमध्ये दिसते, आज नाही तर पाच वर्षांनी.

दुसरं म्हणतात टूल्स महाग आहेत. आहेत, पोलिसांकडे फोन उघडायला जी परदेशी यंत्रं असतात त्यांची लायसन्स कॉलेजच्या बजेटमध्ये बसणारी नाहीत. पण ऑटोप्सी फुकट, एफटीके इमेजर फुकट, मेमरीसाठी व्होलॅटिलिटी फुकट, वायरशार्क फुकट. घरोघरी ड्रॉवरमध्ये जुने फोन पडलेत. जुना डीव्हीआर कुठल्याही कॅमेरेवाल्याकडे भंगारात मिळतो. पैसे नाहीत हे कारण नाहीये, स्क्रीनशॉट तयार मिळतो हे कारण आहे.

तिसरा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो, की हे पोलिसांचं आणि सरकारी लॅबचं काम, विद्यापीठाचा काय संबंध? मुंबई, नागपूर, संभाजीनगरला शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेतच, तिथे डिजिटल फॉरेन्सिक आणि कायदा असा एकत्र पीजी डिप्लोमा पण आहे, आणि माझ्या मते हे जोडकाम हाच बरोबर रस्ता आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाचा कॅम्पस गोव्यात फोंड्याला झालाय. सीडॅकचा सिक्युरिटीचा डिटिस कोर्स आहे, पुण्यात डायट हे डिफेन्सचं अभिमत विद्यापीठ आहे. ठीक. पण एक विचार करा, पुरावा काय फक्त सरकारी बाजूलाच लागतो का? आरोपीला पण लागतो. भीमा-कोरेगाव प्रकरणात एका आरोपीच्या लॅपटॉपची कॉपी बचाव पक्षाने तपासायला दिली ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या आर्सेनल कन्सल्टिंगकडे. त्यांनी २०२१ मध्ये रिपोर्ट दिला की त्यात नेटवायर नावाचं मालवेअर होतं आणि कागदपत्रं बाहेरून पेरली गेली. तपास यंत्रणेला ते मान्य नाही, कोण बरोबर ते कोर्ट ठरवेल, मला त्या राजकारणात पडायचंच नाहीये. पण पुण्यात नोंदवलेल्या गुन्ह्यातली हार्ड डिस्क स्वतंत्रपणे तपासून घ्यायला सातासमुद्रापार जावं लागलं आणि 'पूर्वेचं ऑक्सफर्ड' म्हणवणाऱ्या शहरात तशी एक जागा नाही जिच्यावर दोन्ही बाजू विश्वास ठेवतील, याचं मला आतून वाईट वाटतं. आणि ज्याला अमेरिका परवडत नाही त्याने काय करायचं, उसनवारीच्या भांडणात मोबाइल जप्त झालेल्या एखाद्या शेतमजुराने? विद्यापीठाची लॅब ही तशी तटस्थ जागा होऊ शकते. इंजिनीअरिंग कॉलेजं सिमेंटचे ठोकळे तपासून रिपोर्ट देतातच ना, बिल्डर पण मानतो, महापालिका पण मानते. मग हार्ड डिस्कचं का नाही?

अजून एक गोष्ट, जी कुठल्याच सिलॅबसमध्ये नसते. या कामात काय काय बघावं लागतं. लहान मुलांचे नको ते व्हिडिओ, ब्लॅकमेलसाठी ठेवलेल्या क्लिप्स, आत्महत्येआधीचे चॅट्स. ते नुसते बघून चालत नाही, फ्रेम फ्रेम करून वर्णन लिहावं लागतं. माझी एक मैत्रीण या कामात आहे, तिने एकदा फक्त एवढंच सांगितलं की घरी गेल्यावर ती पोरीला जवळ घ्यायच्या आधी अंघोळ करते. एकवीस वर्षांच्या पोराला हूडी आणि हिरवी अक्षरं दाखवून या क्षेत्रात आणता, तर हे पण सांगा त्याला, ॲडमिशनच्या आधी सांगा. मी याच्यावर जास्त लिहीत नाही.

आणि उत्साही पोरांसाठी सावधगिरीचं एक. परवानगीशिवाय कॉलेजचं रिझल्ट पोर्टल तपासायला जाऊ नका. आयटी कायद्याच्या ६६ कलमात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि 'मी फक्त बग दाखवत होतो' हे ऐकून घेणारे प्राचार्य कमी असतात. माझ्या ओळखीच्या एका पोराने एका संस्थेला मेल करून सांगितलं की तुमच्या साइटवर नुसता नंबर बदलला की दुसऱ्याची मार्कशीट दिसते, त्याला आभाराचं पत्र नाही, पालकांना घेऊन या असं पत्र आलं. चूक अर्धी त्याची, विचारलं नव्हतं. पण अर्धी आपल्या वर्गांची पण आहे, चार वर्षांत हल्ला कसा करायचा यावर दहा प्रॅक्टिकल आणि परवानगीचं पत्र कसं लिहायचं यावर शून्य.

मग मी काय करते ते सांगते. एका ठिकाणी व्हिजिटिंग म्हणून जाते, तिथे टर्मवर्कमध्ये थोडी मोकळीक मिळाली. मी स्क्रीनशॉट बंदच केले. प्रत्येकाने दुसऱ्याचा जुना फोन किंवा कुठलातरी डीव्हीआर रीतसर ताब्यात घ्यायचा, दोन पंच शोधायचे, ते कॉम्प्युटरचे नकोत, मेसवाल्या काकू, वॉचमन, पार्किंगवाले काका कुणीही, आणि एक पानाचा पंचनामा हाताने मराठीत लिहायचा, हॅशची चौसष्ट अक्षरं हाताने उतरवायची. मग पंधरा दिवसांनी मी त्याच पंचांना फोन करून विचारते काय झालं होतं. पहिल्या खेपेला पोरं वैतागली, म्हणाली मॅम हे काय शाळेतल्यासारखं. अर्ध्या जणांचा हॅश उतरवतानाच चुकला. मेसवाल्या काकूंनी मला फोनवर सांगितलं की पोरगा चांगलाय, त्याने मला काहीच सांगितलं नाही पण सही गोड बोलून घेतली.

त्या बॅचमध्ये बार्शीकडची एक पोरगी होती, वडील पोलिसात हवालदार. तिने गावी जाऊन चुलत्याच्या कृषी केंद्रातल्या डीव्हीआरचा पंचनामा केला आणि सुट्टीत वडिलांना वाचायला दिला. त्यांनी लाल पेनने तिची भाषा दुरुस्त केली, 'घेतला' तिथे 'ताब्यात घेऊन जप्त केला', पंचांची वयं आणि धंदे राहिले होते ते घातले, शेवटी 'पंचनामा वाचून पाहिला, बरोबर आहे' ही ओळ टाकली. एका वाक्याला मात्र त्यांनी हात लावला नाही: 'डीव्हीआरच्या स्क्रीनवर ४ वाजून २६ मिनिटे दिसत होती, त्याच वेळी पंचांच्या मोबाइलवर ४ वाजून १५ मिनिटे झाली होती, म्हणून डीव्हीआरचे घड्याळ ११ मिनिटे पुढे आहे.' त्याचा त्यांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवला, म्हणाले हे मला लागेल.